गायतोंडे ह्यांची चित्रप्रक्रिया आणि मराठी कलासमीक्षेची परिभाषा

चित्रकार वासुदेव संतू गायतोंडे (१९२४–२००१) ह्यांच्या कलेविषयी मराठीत आजवर जे लेखन झाले आहे त्यात काही शब्द पुनःपुन्हा भेटतात. मौन, ध्यान, शून्य, निराकार, अनंत, समाधी हे त्यांपैकी प्रमुख होत. हे शब्द असत्य आहेत असे म्हणता येणार नाही. गायतोंडे ह्यांचे एकांतप्रिय जीवन, त्यांचे वाचन व त्यांची स्वतःची विधाने ह्या सर्वांतून अशा शब्दांना आधार मिळतो. अडचण निराळीच आहे. भाषाशास्त्रात एखाद्या घटकाचे मूल्य ठरविताना त्या घटकाच्या जागी दुसरा घटक ठेवून पाहण्याची रीत आहे. अदलाबदलीने अर्थात फरक पडला तर त्या घटकाला भेदक मूल्य आहे असे मानतात, फरक पडला नाही तर तो घटक त्या व्यवस्थेत काही कार्य करीत नाही असा निष्कर्ष निघतो. ही कसोटी वरील शब्दांना लावून पाहावी. १९६० च्या दशकाच्या आरंभीचे एखादे करडे चित्र आणि १९७० नंतरचे एखादे केशरी चित्र ह्यांविषयी लिहिलेली ‘ध्यानमग्न मौना’ची वाक्ये परस्परांत बदलली, तरी वाचकाला पत्ता लागत नाही. ‘मौना’च्या जागी ‘शून्य’ घातले तरीही वाक्य तसेच उभे राहते. अशा परिभाषेने एक चित्र दुसऱ्यापासून वेगळे करता येत नाही, मग एक चित्र दुसऱ्याहून सरस का, हे सांगणे तर दूरच राहिले. गायतोंडे ह्यांच्यासारख्या, वर्षाकाठी पाचसहाच चित्रे पूर्ण करणाऱ्या आणि प्रत्येक चित्रावर दीर्घकाळ थांबणाऱ्या कलावंताच्या बाबतीत हा उणेपणा अधिकच बोचतो.

प्रथम ‘अमूर्त’ ह्या शब्दाचाच विचार करणे इष्ट ठरेल, कारण गायतोंडे ह्यांची ओळख करून देताना हाच शब्द सर्वप्रथम वापरला जातो. इंग्रजी ‘अॅब्स्ट्रॅक्ट’चा हा प्रतिशब्द आता रूढ झाला आहे. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ ‘ओढून वेगळे काढणे’ असा आहे. कशातून तरी काहीतरी काढून घेतले आहे, ही कल्पना त्या शब्दात अंगभूत आहे. झाडातून झाडपण काढले, समुद्रातून क्षितिजरेषा काढली, की उरते ते अॅब्स्ट्रॅक्ट. गायतोंडे ह्यांनी स्वतःच्या चित्रांसाठी हा शब्द नाकारला आणि ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ म्हणजे वस्तुनिरपेक्ष ही संज्ञा पसंत केली, ह्याचे कारण येथेच सापडते. त्यांच्या चित्रामागे आधी वस्तू नव्हती, तेव्हा तिच्यातून काही ओढून काढण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ह्या नकाराला अनेकांनी कलावंताची लहर मानले. वास्तविक ते शब्दार्थाविषयीचे अगदी काटेकोर विधान होते.

मराठी प्रतिशब्दाची गोष्ट ह्याहून वेगळी आणि अधिक बोधप्रद आहे. ‘मूर्त’ हे ‘मूर्छ्’ ह्या संस्कृत धातूचे रूप असून ह्या धातूचा एक अर्थ घट्ट होणे, थिजणे, गोठणे असा आहे. ‘मूर्च्छा’ हा शब्दही त्याच धातूपासून आला. मूर्त म्हणजे जे पातळ होते व आता घट्ट होऊन आकाराला आले ते. बृहदारण्यकोपनिषदात ब्रह्माची मूर्त आणि अमूर्त अशी दोन रूपे सांगितली आहेत. तेथे वायू आणि अंतरिक्ष ही अमूर्त असून त्यांव्यतिरिक्त जे काही आहे ते मूर्त होय. मूर्ताला स्थिर म्हटले आहे, अमूर्ताला चल. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, अमूर्त हेसुद्धा तेथे ‘रूप’च आहे, रूपाचा अभाव नव्हे. आजच्या कलासमीक्षेत मात्र अमूर्त आणि निराकार हे शब्द सर्रास समानार्थी म्हणून वापरले जातात. गायतोंडे ह्यांच्या कॅनव्हाससमोर उभे राहिल्यावर ही गल्लत ध्यानात यावी. तेथे तैलरंगाचा पातळ द्रव खरोखरीच थिजत गेलेला दिसतो. कोठे तो साचून दाट झाला आहे, कोठे विरळ राहिला आहे, कोठे खरवडून निघाल्यामुळे खालचा थर वर आला आहे. धात्वर्थ प्रमाण मानला तर ह्या चित्रांना अमूर्त म्हणण्यापेक्षा ‘मूर्त होऊ घातलेली’ म्हणणे अधिक रास्त होईल.

त्यांच्या कलाजीवनाचा आलेख येथे थोडक्यात देणे पुरेसे आहे. जन्म नागपूरचा, घराणे गोव्याचे, बालपणातील व तारुण्यातील बराच काळ मुंबईत गिरगावच्या चाळीत गेलेला. १९४८ मध्ये सर ज. जी. कलाशाळेची पदविका. १९४७ साली स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपशी १९५० मध्ये संबंध. आरंभीच्या चित्रांत भारतीय लघुचित्रांचे सपाट रंग आणि वेगवान रेषा आढळतात. पुढे पाउल क्ले ह्यांच्या चित्रांचा प्रभाव स्पष्ट होतो आणि १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात मानवाकृती व वस्तू हळूहळू मावळत जाऊन केवळ रंगाचे क्षेत्र उरते. १९५७ मध्ये टोकियो येथील तरुण आशियाई कलावंतांच्या प्रदर्शनात त्यांना पारितोषिक मिळाले. १९६४-६५ मध्ये तिसरे जॉन डी. रॉकफेलर ह्यांच्या निधीची शिष्यवृत्ती मिळून ते न्यूयॉर्कला राहिले. १९७१ मध्ये पद्मश्री, १९७२ मध्ये दिल्लीतील निजामुद्दीन येथे स्थलांतर. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने २०१४-१५ मध्ये त्यांच्या चित्रांचे जे मोठे प्रदर्शन भरविले, त्यानंतर त्यांच्याविषयीच्या लेखनाला पूर आला. त्याआधी, २०१३ च्या डिसेंबरमध्ये, मुंबईतील एका लिलावात त्यांच्या चित्राला २३ कोटी ७० लाख रुपये मिळाले होते. पुढील लेखनातील ‘अमूल्य मौना’च्या भाषेवर ह्या आकड्याची सावली पडलेली नाही, असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

ह्या कालक्रमातून एक गोष्ट सहज सिद्ध होते. गायतोंडे ह्यांना ‘भारतीय रॉथको’ म्हणण्याची एक पद्धत पडून गेली आहे. परंतु न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात असलेले त्यांचे ‘पेंटिंग, ४’ हे चित्र १९६२ सालचे आहे, म्हणजे ते अमेरिकेला जाण्यापूर्वीचे. रंगक्षेत्राचा विस्तार, आकृतीचे विसर्जन, रोलरचा वापर हे सारे मुंबईतच घडून आले होते. १९६३ मध्ये अमेरिकन चित्रकार मॉरिस ग्रेव्ह्ज ह्यांनी त्यांची चित्रे पाहून न्यूयॉर्कच्या विलार्ड गॅलरीला मुद्दाम पत्राने कळविले आणि १९६५ मध्ये तेथे गायतोंडे ह्यांचे प्रदर्शन झाले. तेव्हा शिकण्यासाठी गेलेला विद्यार्थी असे त्या प्रवासाचे चित्र रंगविणे अनैतिहासिक आहे.

आता प्रक्रियेकडे वळावे. गायतोंडे ह्यांच्या पद्धतीची जी वर्णने उपलब्ध आहेत त्यांत पुढील गोष्टी समान आहेत. चित्र काढण्यापूर्वी रेखाटन नसे. कॅनव्हाससमोर दीर्घकाळ, कित्येकदा दिवसेंदिवस, ते नुसते बसून राहत. कॅनव्हास बहुधा उभा आयताकृती, पुष्कळदा पाच फुटांच्या आसपास उंचीचा. कुंचल्याचे स्थान गौण होते. पातळ केलेल्या रंगाचे थर रोलरने द्यावयाचे, रंग ओला असतानाच त्यावर दुसरा रंग चढवावयाचा, पॅलेट नाइफने काही भाग खरवडून काढावयाचा. पुढे त्यात आणखी एक उपाय आला: कागदाचे फाडलेले किंवा कापलेले तुकडे ओल्या रंगावर ठेवून दाबावयाचे आणि मग उचलून घ्यावयाचे. कागदाने जेवढा रंग शोषला वा सोडला तेवढ्याचा ठसा मागे राहतो. कागद स्वतः चित्रात राहत नाही. चिकटचित्रात तुकडा चित्राचा भाग बनतो. येथे तो येऊन जातो.

ह्या क्रियांची यादी नीट पाहिली तर त्यांपैकी निम्म्याहून अधिक क्रिया काढून टाकण्याच्या आहेत असे आढळते. खरवडणे, उचलणे, निथळू देणे, वाळू देणे. चित्रकार जे करतो त्यापेक्षा तो जे घडू देतो त्याचा वाटा येथे मोठा आहे. अर्थात ‘घडू देणे’ म्हणजे यदृच्छेवर सोडून देणे नव्हे. कागद केव्हा उचलावा ह्याचा क्षण ठरलेला असतो. रंग फार ओला असताना उचलला तर ठसा पसरतो, फार वाळल्यावर उचलला तर फाटतो. हा क्षण घड्याळाने कळत नाही. दही केव्हा लागले, लोणचे केव्हा मुरले, पाक केव्हा तारेवर आला हे ज्या रीतीने घरातल्या अनुभवी हाताला कळते, त्याच जातीचे हे ज्ञान आहे. आणि आश्चर्य असे की, ह्या जातीच्या ज्ञानासाठी मराठी बोलीत शब्दांची विलक्षण समृद्धी आहे. मुरणे, झिरपणे, पाझरणे, निथळणे, साकळणे, थिजणे, विरणे, खुलणे, ओघळणे, साय धरणे, पोपडा सुटणे, ओल फुटणे. ह्यांतील प्रत्येक शब्द द्रव आणि घन ह्यांच्या संबंधातील एक निश्चित अवस्था दाखवितो. ‘झिरपणे’च्या जागी ‘ओघळणे’ ठेवता येत नाही, ‘साकळणे’च्या जागी ‘विरणे’ ठेवले तर अर्थ उलटा होतो. वर उल्लेखिलेल्या कसोटीला हे शब्द पूर्णपणे उतरतात. तरीसुद्धा गायतोंडे ह्यांच्यावरील लेखनात ते क्वचितच भेटतात. स्वयंपाकघर आणि शेतबांध ह्यांतील शब्द कलासमीक्षेला हलके वाटतात की काय, न कळे.

ह्या शब्दांपैकी ‘निवळणे’ ह्या एका शब्दाकडे विशेष लक्ष वेधले पाहिजे. पावसाळ्यातील गढूळ पाणी हंड्यात भरून ठेवले की गाळ खाली बसतो आणि पाणी निवळते. आभाळ निवळते, ताप आल्यावर लाल झालेले डोळे निवळतात, आणि मनही निवळते. एकाच क्रियापदाने निसर्गातील भौतिक क्रिया व चित्ताची अवस्था ह्या दोहोंचा निर्देश होतो आणि बोलणाराला त्यात रूपक वापरल्याचे भानही नसते. पाणी लवकर निवळावे म्हणून निवळीचे बी हंड्याच्या आतल्या बाजूस उगाळण्याची जुनी रीत होती. ह्याच बीला संस्कृतात कतक म्हणतात. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या ‘आत्मबोध’ ह्या प्रकरणात ज्ञानाला कतकचूर्णाची उपमा दिली आहे. ते चूर्ण पाण्यातील मळ खाली बसविते आणि त्याच्याबरोबर स्वतःही तळाशी जाते. ज्ञानाभ्यासही तसाच, अज्ञान घालवून आपणही नाहीसा होणारा. ओल्या रंगावर ठेवून उचलून घेतलेला कागदाचा तुकडा ह्या दृष्टीने पाहावा. त्याने आपले काम केले आणि तो गेला. गायतोंडे ह्यांनी हे प्रकरण वाचले होते की नाही हा प्रश्न येथे महत्त्वाचा नाही. चित्रप्रक्रियेचे आध्यात्मिक अंग हाताच्या एका ठरावीक कृतीत दाखविता येते, एवढाच मुद्दा आहे.

निसर्गाशी असलेल्या संबंधाचा उलगडाही ह्याच वाटेने होतो. मुंबईत वॉर्डन रोडवर समुद्राकाठी असलेल्या भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये गायतोंडे ह्यांचा स्टुडिओ होता. ह्याच वास्तूत त्या काळी रविशंकर ह्यांची संगीतशाळा आणि अल्काझी ह्यांची नाट्यसंस्था ह्यांचे कार्य चाले. समोर अरबी समुद्र होता आणि १९६० च्या आसपासच्या चित्रांत आडवे पट्टे, करडा प्रकाश आणि क्षितिजासारखी रेषा दिसते. ह्यावरून ती चित्रे म्हणजे समुद्रदृश्ये होत, असा निष्कर्ष पुष्कळांनी काढला. हा निष्कर्ष दोन कारणांनी टिकत नाही. एक तर १९७२ नंतर कलावंत दिल्लीत आला. निजामुद्दीनहून समुद्र दिसत नाही, तरीही चित्रांतील ती पाणीदार पारदर्शकता कमी न होता वाढली. दुसरे कारण रचनेचे आहे. पुढील काळातील चित्रांत आडवी रेषा मागे पडते आणि आकार उभ्या अक्षाभोवती गोळा होऊ लागतात, ती क्षितिजाची रचना नव्हे. निसर्गाकडून गायतोंडे ह्यांनी दृश्य घेतलेले नाही. त्यांनी घेतली ती निसर्गाची कार्यपद्धती: गाळाचे थर बसणे, ओलीने भिंतीवर नकाशे उमटणे, भरती ओसरल्यावर वाळूवर ओळी राहणे, शेवाळ धरणे, पाणी आटणे. जुन्या मुंबईतील चाळीच्या भिंतीकडे आषाढात ज्याने लक्षपूर्वक पाहिले असेल त्याला ह्या चित्रांतील बरेच काही अनोळखी वाटणार नाही. मात्र भिंत चित्रित केली आहे असे म्हणणे, समुद्र चित्रित केला आहे असे म्हणण्याइतकेच चुकीचे ठरेल.

आध्यात्मिक प्रेरणांविषयी जी माहिती आहे ती बरीच परिचित आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस झेन विचाराशी आलेला संबंध, ऑयगेन हेरिगेल ह्यांचे धनुर्विद्येवरील पुस्तक, रमण महर्षी, जे. कृष्णमूर्ती आणि निसर्गदत्त महाराज ह्यांच्या विचारांविषयीची आस्था. हेरिगेल ह्यांच्या पुस्तकातील मुख्य शिकवण बाण ‘सोडण्या’विषयीची नसून तो ‘सुटण्या’विषयीची आहे. मराठीत सकर्मक आणि अकर्मक क्रियापदांच्या जोड्यांतून हा भेद आपोआप व्यक्त होतो: सोडणे–सुटणे, तोडणे–तुटणे, फोडणे–फुटणे. अकर्मक रूपात कर्ता लोप पावतो, क्रिया मात्र शिल्लक राहते. गायतोंडे ह्यांच्या चित्रात रंग लावलेला दिसत नाही, लागलेला दिसतो. कुंचल्याचा फटकारा म्हणजे चित्रकाराच्या हाताची सही होय. रोलरने ती सही पुसली. आध्यात्मिक परिभाषेत ज्याला कर्तृत्वाचा निरास म्हणतात त्याचे येथे एका अवजाराच्या निवडीत रूपांतर झाले आहे. निसर्गदत्त महाराज गिरगावालगतच्या खेतवाडीत साध्या, घरगुती मराठीत बोलत आणि जगाला त्यांचा परिचय झाला तो १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी ग्रंथाने. मराठी समीक्षा गायतोंडे ह्यांच्याविषयी लिहिताना त्या घरगुती मराठीकडे न जाता इंग्रजीतून परत आलेल्या ‘सायलेन्स’चे भाषांतर करीत बसते, ही स्थिती काहीशी चमत्कारिक आहे.

आणखी एका प्रचलित मताचा परामर्श घेतला पाहिजे. गायतोंडे ह्यांच्या अनेक चित्रांत अक्षरांसारख्या आकृत्या तरंगताना दिसतात आणि त्यांना लिपी, बीजाक्षरे, मंत्र असे म्हटले जाते. लिपीचे लक्षण असे की, तिच्यात मर्यादित संख्येची चिन्हे असतात, ती ओळखू येतील अशी पुनरावृत्त होतात आणि त्यांचा क्रम अर्थपूर्ण असतो. वाचता न येणारी लिपीसुद्धा लिपी आहे हे आपण ह्याच लक्षणांवरून ओळखतो, सिंधू मुद्रांवरील चिन्हे हे त्याचे उदाहरण. गायतोंडे ह्यांच्या आकृत्यांत अशी पुनरावृत्ती नाही. कोणतीही आकृती दुसऱ्यांदा तशीच येत नाही, आणि त्यांना आरंभ, शेवट वा ओळीची दिशाही नाही. त्यांचे अक्षराशी साम्य आहे ते फक्त एका बाबतीत: पार्श्वभूमीपासून वेगळे उठून दिसण्याच्या धडपडीत. खूण आणि डाग ह्यांच्या सीमारेषेवर त्या रेंगाळतात. मंत्र म्हटले की अर्थ गृहीत धरला जातो आणि पाहणे थांबते. कलावंताने चित्रांना नावे देण्याचे टाळले त्यामागील हेतूच ह्यामुळे विफल होतो.

ह्या दृष्टीने पाहू लागल्यावर गुणावगुणांची चर्चा शक्य होते. मर्ढेकरांनी सौंदर्यविधानासाठी संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तीन तत्त्वे सांगितली. संवेदनांच्या परस्परसंबंधांवर भर देणारा त्यांचा सिद्धांत साहित्याला लावताना पुष्कळ ओढाताण होते, पण गायतोंडे ह्यांच्या चित्रांना तो जणू मापून शिवल्यासारखा बसतो. ज्या चित्रांत निवळलेला आणि गढूळ असे दोन्ही भाग एकमेकांना विरोध करीत नांदतात, ती चित्रे दीर्घकाळ पाहता येतात. नजर दाट भागाकडून विरळ भागाकडे जाते व परतते, आणि प्रत्येक खेपेला खालचा एखादा थर नव्याने जाणवतो. उलट, उत्तरकाळातील काही कॅनव्हासांत उभ्या अक्षावरील आकृत्या इतक्या समतोल बसविल्या गेल्या आहेत की, त्यांना गाभाऱ्यातील मूर्तीची ठेवण आल्यासारखी वाटते. तेथे विरोधाचे तत्त्व क्षीण होते, पृष्ठभाग सुंदर राहतो, पण त्यात काही मुरत असल्याची जाणीव कमी होते. नेमक्या ह्याच चित्रांना ‘ध्यानचित्रे’ म्हणून अधिक गौरविले जाते. प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) ह्यांच्याशी तुलना केली तर हा फरक अधिक स्पष्ट होईल. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कोरा कॅनव्हास’मध्ये बरव्यांनी निर्मितिप्रक्रियेचा मराठीतून तपशीलवार शोध घेतला. पान, घड्याळ, शिंपला अशा वस्तू त्यांनी सोडल्या नाहीत, म्हणून त्यांना शब्दही सोडावे लागले नाहीत. गायतोंडे ह्यांनी वस्तू सोडली आणि तिच्याबरोबर लिहिणेही जवळजवळ सोडले. त्यामुळे शब्दांची जबाबदारी समीक्षकांवर येऊन पडली.

१९८४ मध्ये झालेल्या अपघातात गायतोंडे ह्यांच्या मानेला इजा झाली आणि काही वर्षे मोठे कॅनव्हास रंगविणे थांबले. त्या काळातील, १९८५ ते १९८७ च्या दरम्यानची, कागदावरील शाईची चित्रे आज उपलब्ध आहेत आणि ती वरील विवेचनाची परीक्षा घेतात. येथे रोलर नाही, थर नाहीत, खरवडणे नाही, निवळण्याला अवकाशच नाही, कारण शाई कागदाला लागताक्षणी शोषली जाते. परत घेण्याची सोय नसलेल्या ह्या माध्यमात हात प्रथमच उघडा पडतो. काळ्या खुणा आखूड आहेत, तुटक आहेत, काही ठिकाणी थरथरलेल्याही आहेत, आणि त्यांच्यामधला कोरा कागद तैलचित्रातील रंगाइतकाच भारलेला आहे. प्रतीक्षा येथेही आहे, फक्त ती दोन खुणांच्या मध्ये नसून पहिल्या खुणेच्या आधी आहे. ह्या चित्रांकडे समीक्षेचे लक्ष फारसे गेलेले नाही. लिलावगृहांत त्यांना कॅनव्हासाइतकी किंमत येत नाही आणि ‘अनंता’ची भाषा वहीच्या पानाएवढ्या कागदाला नीट लागूही पडत नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस गायतोंडे कॅनव्हासकडे परतले, तेव्हाच्या चित्रांतील आकृत्यांच्या कडा पूर्वीपेक्षा तुटक झाल्या आहेत. त्या तुटकपणाचा उगम ह्या कागदांत शोधावा लागेल, आणि त्यासाठी ती सर्व शाईचित्रे कालक्रमाने, शेजारी शेजारी मांडून पाहणे हे पहिले काम आहे.